उंबरठ्यावरचं नाक

सोमवार, ४ मार्च

ताई,

'प्रिय' लिहून खोडलं. खोडलेलं तुला दिसावं म्हणून मुद्दाम दुसरा कागद घेतला नाही.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपण दोघी एकाच वेळी बोलतो. कागदावर निदान एकीला सलग बोलता येतं. शनिवारी जे झालं त्याची तू मामांना सांगितलेली हकिगत फिरून माझ्यापर्यंत आली. "धाकटीनं मला घरातून हाकललं." खरं आहे, हाकललं. त्याआधीची पाच मिनिटं मात्र तू गाळलीस. ती मी लिहून ठेवते आहे. एक प्रत तुला, एक माझ्या वहीत.

तू आठ महिन्यांनी आलीस. मी दार उघडलं. तुझं एक पाऊल बाहेर होतं, बॅग हातात होती, आणि रुमाल नाकाला लागलाही होता. शेजारच्या शिवणवाल्या बाई नेमक्या तेव्हाच जिना चढत होत्या. तू त्यांच्यासमोर म्हणालीस, "शी! कसला वास येतोय? घरात काही मेलंय का?"

आत बाबा जिवंत बसले होते, ताई. त्यांना ऐकू छान येतं.

मी म्हटलं, "कसलाही वास येत नाहीये."

"तुला येत नाहीये?" आणि तू हसलीस. "नाकावर पोट भरतेस ना तू? कंपनीला सांगायला हवं."

त्या हसण्यावर मी तुला जा म्हटलं. वासावर नाही.

आता माझ्या नाकाबद्दल. एकवीस वर्षं मी साबणाच्या कारखान्यात वास तपासते. एका पांढऱ्या खोलीत बसते, अंगाला सुवासिक काही लावत नाही, सकाळी चहासुद्धा नऊच्या आत संपवते. धुतलेला टॉवेल सहा तासांनी कसा वास देईल आणि तीन दिवसांनी कसा, ते मी सांगते, आणि माझ्या आकड्यावर माल बाहेर जातो किंवा अडतो. तुझं नाक लहानपणापासून चोंदलेलं. शाळेत तुला सर्दीबाई म्हणायचे. मी नकटी, तू सर्दीबाई, आणि बाबा म्हणायचे की माझ्या घरात दोन मुली मिळून एक धड नाक नाही.

तू गेल्यावर मी नुसती रडत बसले नाही. सगळं घर तपासलं. एक तास. मोरी, कपाटाचा तळ, बाबांची गादी, उशी, चपलांचं फडताळ, कचऱ्याचा डबा. कामावर देते तसेच शून्य ते नऊ गुण दिले. मोरीला दोन, कपाटाला एक, बाकी शून्य. बाबांच्या खोलीत जखमेवरच्या मलमाचा वास, तो पाच. जानेवारीत त्यांना नवा बूट चावला होता उजव्या पायाला. त्याला मी मलम लावून मोजा घालते. साखरेचा आजार असलेल्या माणसाचे पाय झाकलेले बरे. तुला मलमाचा वास आला असेल. तेवढ्यासाठी 'मेलंय'!

तू वर्षातून दोनदा येतेस, नाक वर करतेस आणि जातेस. सहा वर्षं या घरात राहते ती मी. घराचा वास कसा असतो हे राहणारीला कळतं, पाहुणीला नाही.

बाबांनी विचारलं, "काय झालं गं?" मी सांगितलं, ताईला सर्दी आहे.

— धाकटी


मंगळवार, १९ मार्च

ताई,

बाबांच्या पायाची दोन बोटं गेली. तुला माहीतच आहे. दवाखान्याच्या खुर्चीवर तू माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसली होतीस. तरी मी लिहिते, कारण हे वाक्य मला एकदा स्वतःच्या हातानं लिहायचं होतं.

तू बरोबर ठरलीस. झालं समाधान?

मला न विचारता तू ७ मार्चच्या गुरुवारी डॉक्टरांना घरी पाठवलंस. ते दारात आले, तुझ्यासारखेच थबकले, आणि आत येऊन नाडीही न बघता म्हणाले, "आजोबा, आधी मोजा काढा." मोजा निघेना. निघाला तेव्हा मी भिंतीकडे बघितलं. डॉक्टर माझ्याकडे वळून इतकंच म्हणाले, "घरात कुणालाच वास आला नाही का?" माझं काम काय आहे, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नशीब.

बाबा त्याही वेळी म्हणाले, "डॉक्टर, त्या पायाला आठ वर्षांपासून काही कळत नाही. तो माझा आहे हे मला फक्त ऐकून माहीत आहे."

तू जिन्यात मला म्हणालीस, "तू जाणूनबुजून केलंस असं मी म्हणत नाही." हे वाक्य उच्चारायला तू किती वेळ तयारी केलीस? 'म्हणत नाही' म्हणत तू ते मामांसमोर म्हटलंस.

तर ऐक. नाकाचा एक धर्म असतो. जो वास बदलत नाही, तो नाक थोड्या वेळानं सांगणं सोडून देतं. तुझ्या मनगटावरचं घड्याळ तुला आत्ता टोचतंय का? सकाळी बांधताना टोचलं होतं. मेंदूच्या दारावर एक शिपाई बसलेला असतो. रोज तोच अर्जदार आला की तो साहेबांना उठवत नाही. "तुमचं कालच ऐकलंय, बसा." बाबांच्या पायाचा वास एका दिवसात आलेला नाही. तो रोज केसाएवढा वाढत गेला. मी रोज आत होते, म्हणून मला तो कधी भेटलाच नाही. तू आठ महिन्यांची ताजी आलीस, तुला तो धाडकन भेटला. यात तुझी हुशारी काही नाही आणि माझा गुन्हाही नाही.

हे मी काल रात्री इथपर्यंत लिहिलं आणि पाकीट चिकटवणार होते. सकाळी वाचलं. सगळं खरं आहे, आणि तरी हा कागद खोटा आहे. कारण मी एक गोष्ट गाळली. मागच्या पत्रात तू पाच मिनिटं गाळल्याबद्दल मी तुला बोलले होते, म्हणून आता सांगणं भाग आहे.

आमच्या खोलीत एक पद्धत आहे. सहा नमुने झाले की उठायचं, बाहेरच्या वऱ्हांड्यात जायचं, स्वतःची बाही नाकाला लावायची. स्वतःच्या अंगाचा वास नाकाला सगळ्यात ओळखीचा, त्यावर ते पुन्हा शून्यावर येतं. आणि दिवसाच्या शेवटी एक 'बाहेरचं नाक' बोलवायचं. म्हणजे दुसऱ्या विभागातला कुणीही. कधी माल बांधणारी बाई, कधी ट्रकवाला. त्याला काही शिकवलेलं नसतं. तो दारात उभा राहतो आणि पहिल्या श्वासाला जे वाटेल ते बोलतो. दुसरा श्वास घ्यायच्या आत आपण ते लिहून घ्यायचं. आम्ही आठ जणींनी दिवसभर जे ठरवलं असेल त्याच्या विरुद्ध तो बोलला, तर त्याचं धरतात. आमचं नाही. एकदा एका ट्रकवाल्यानं नाक मुरडून "ओला कुत्रा" म्हटलं आणि तेवढ्यावर आख्खा माल अडला. माझी सही आहे त्या कागदावर.

हा नियम नव्या मुलींना इतकी वर्षं मीच शिकवते.

शनिवारी माझ्या दारात बाहेरचं नाक आलं होतं. उंबरठ्यावर, पहिल्या श्वासाला बोललं. मी त्याला जिन्यावरून खाली घालवलं, मग त्याच घरात, बाहेर पाऊलही न टाकता, बाहीही न हुंगता, तासभर शून्यं वाटत फिरले.

नवख्या मुलीनं असं केलं असतं तर मी तिला कामावरून काढलं असतं.

हे लिहिलं म्हणून तू जिंकलीस असं समजू नकोस. दवाखान्यातून बाबांना परस्पर तुझ्या घरी नेण्याचा अधिकार तुला कुणी दिला? मी औषधं आणायला खाली गेले आणि वर आले तर खाट रिकामी. नर्स म्हणाली, "मोठ्या ताई घेऊन गेल्या." जणू विसरलेली छत्री.

बाबांना परत पाठव.

— धाकटी


रविवार, ७ एप्रिल

ताई,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. "बाबा इथेच राहतील. तुझ्या नाकावर माझा आता भरवसा नाही." गणिताच्या बाई तुम्ही. उत्तर लिहिता, रीत दाखवत नाही.

काल दुपारी तू शाळेत असताना मी तुझ्या घरच्या फोनवर बाबांशी बोलले. लपवत नाही. ते मजेत वाटले. म्हणाले, "तुझ्या बहिणीनं भिंतीवर वेळापत्रक लावलंय. सकाळी सात, संध्याकाळी सात, उजवा पाय. पट्टी बदलते, वाकून हुंगते, आणि खूण करते. शिकारी कुत्र्यासारखी हुंगते गं!"

मी म्हटलं, "आणि तुम्ही काय करता?"

"मी पास होतो. रोज दोनदा."

"डावा पाय?"

"डावा माझ्या ताब्यात. उजवा सरकारजमा झाला, एक तरी स्वतःचा नको का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "नकटे, तू जेवतेस ना वेळेवर?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर त्यांच्या खोलीत जाऊन बसले. खोली आता धुतलेली आहे. तिथे बसून जानेवारीपासूनची वही वाचली. वही मी रोज लिहिते हे तुला माहीत आहे. तू लहानपणी ती चोरून वाचायचीस. आता चोरायची गरज नाही, मीच उतरवते.

'२९ जानेवारी. आजपासून माझं ताट स्वयंपाकघरात. बाबांच्या खोलीत टीव्हीचा आवाज फार.'

'६ फेब्रुवारी. बाबांच्या हातून चमचा पडला म्हणून त्यांच्यावर ओरडले. मला काय होतंय?'

'११ फेब्रुवारी. कामावरून येताना दोन बसथांबे आधी उतरले, चालत आले. घरी जायला पाय उचलत नाही.'

'१५ फेब्रुवारी. पडदे काढून धुतले. खोली कोंदट वाटते.'

कोंदट. बघ, शब्द आला होता. वहीपर्यंत आला होता. मी त्याचा दोष पडद्यांना देऊन पान उलटलं.

मागच्या पत्रात मी शिपायाची गोष्ट सांगून सुटले होते. शिपाई साहेबांना उठवत नाही, इतकंच खरं असतं तर बरं होतं. पण तो आत निरोप देत नाही आणि साहेबांची झोप मात्र बिघडवून ठेवतो. नाकानं मला वास सांगितला नाही. त्यानं माझं ताट उचललं, मला दोन थांबे आधी उतरवलं, चमच्यावरून ओरडायला लावलं. अंगाला कळलं होतं. मला फक्त त्याचा राग कळला, आणि राग आला की माणूस जवळच कुठेतरी त्याला कारण शोधतो. जवळ बाबा होते.

मी त्याचा अर्थ काय लावला, माहीत आहे? मला वाटलं मला बाबांचा वीट आलाय. सहा वर्षं झाली, माया आटली. २० फेब्रुवारीला जेवणाच्या सुट्टीत मी वृद्धाश्रमात जाऊन अर्ज आणला. ड्रॉवरमध्ये आहे. बाबांचं नाव आणि वय, दोन रकाने भरलेले. तिसरा रकाना 'दाखल करण्याचे कारण'. तिथे मी थांबले, कारण खरं कारण मला सापडत नव्हतं.

ते त्यांच्या उजव्या पायात होतं.

हे वाचून तुला आनंद होईल. मामांनाही वाचून दाखव. पण एक प्रश्न मला रोज पडतो आणि त्याचं उत्तर माझ्या वहीत नाही. वासामुळे मला त्यांचा वीट आला, की आधीच वीट आला होता म्हणून मी त्यांच्या पायाशी वाकणं सोडलं? मोजा मी पूर्वी रोज बदलायची. फेब्रुवारीत एक दिवसाआड. शेवटच्या आठवड्यात किती वेळा, ते लिहिलेलं नाही. मी सगळं लिहिते, ताई. हे लिहिलेलं नाही.

यात तुझाही वाटा आहे, आणि तो मी तुला माफ करणार नाही. आठ महिन्यांत तू एकदा जरी आली असतीस तर ती जखम फोडाएवढी असताना तुला भेटली असती. बाहेरच्या नाकाचं काम येण्याचं असतं. तू आलीस ती दोन बोटं उशिरा.

तीन आठवड्यांनी, २८ला, रविवारी मी येते आहे. बाबांना घेऊन जायला. दार उघडायचं की नाही ते तू बघ.

— धाकटी


रविवार, २८ एप्रिल. दुपारी सव्वादोन

ताई,

हे मी तुझ्या इमारतीसमोरच्या बसथांब्यावर बसून लिहिते आहे. कागद माझ्या पिशवीतल्या, कामावरच्या गुणपत्रकाचा आहे, पाठची बाजू कोरी. लिहून झालं की पहारेकऱ्याकडून वर पाठवते. फाडायच्या आधी पूर्ण वाच. तुला जिंकायची एवढी सवय आहे, तर एवढं कर.

आत्ता काय झालं ते तुझ्या माझ्यात अजून ताजं आहे, तरी लिहिते. कारण दोघींची हकिगत आताच वेगळी झाली असेल.

तू दार उघडलंस. मी उंबरठ्यावर होते. मी भांडायच्या तयारीनं आले होते, पहिलं वाक्यही ठरवून आणलं होतं. ते तोंडात असतानाच मला वास आला. तोच. आता तो मला पाठ आहे, दवाखान्यात एकदा ओळख झाली की माणूस विसरत नाही.

मी म्हटलं, "ताई, वास येतोय."

तुझा चेहरा मी बघितला. तो माझा २ मार्चचा चेहरा होता.

"वा!" तू म्हणालीस. "माझ्या घरात आल्यावर नाक उघडलं का?"

"बाबांच्या पायाचा वास येतोय."

"सातला पट्टी बदललीय. मी स्वतः हुंगलीय. हे बघ." आणि तू मला हाताला धरून भिंतीपाशी नेलंस. पंचेचाळीस दिवस, दिवसाला दोन खुणा, एकही चौकट रिकामी नाही. "कुठे येतोय वास? दाखव कुठे?"

बाबा खुर्चीत होते. उजवा पाय स्टुलावर, पांढरी स्वच्छ पट्टी. त्यांचं चष्म्याचं घर खाली पडलं होतं. मी ते उचलायला वाकले. उजव्या पायाजवळून माझं नाक गेलं: जंतुनाशक, कापूस, बाकी काही नाही. तुझी पट्टी निर्दोष आहे. नऊपैकी शून्य. मग मी डावीकडे झाले.

मी डाव्या मोज्याला हात घातला आणि बाबांनी पाय खुर्चीखाली ओढला. "राहू दे गं," म्हणाले. तू ऐकलंस ना तो आवाज? ते विनोद करायला विसरले.

मग तू माझं मनगट धरलंस. "सूड उगवायला आलीस. ते इथे बरे झाले हे तुला बघवत नाही." मी तुला काय म्हणाले ते मी लिहीत नाही, मला आठवतंय आणि तुलाही. बाबा मध्ये म्हणत होते, "अगं, दोघी मिळून एक तरी नाक धड चालवा," पण आपण दोघी त्यांच्या वरून ओरडत होतो. मग मी जिन्यात होते आणि दार बंद होतं. तू मला ढकललंस असं मी मामांना सांगणार नाही. मी तुला हाकललं तेव्हा मीही दार असंच लावलं होतं.

आता नीट वाच.

मी चुकत असेन. हे मी नाटकानं म्हणत नाही. आमच्याकडे एकदा साहेबांनी दोन्ही पाळ्यांच्या चौदा जणींना साध्या पाण्यात बुडवलेल्या पट्ट्या दिल्या आणि सांगितलं, यात हलका गुलाब आहे, किती ते सांगा. अकरा जणींनी गुलाबाला गुण दिले. त्यात मी होते. मी तर चार दिले. मनात जे भरलेलं असतं ते नाक हुंगून दाखवतं. गेले दोन महिने माझ्या मनात काय भरलंय ते तुला ठाऊक आहे. तुझ्या घरात, तुझ्या हाताखाली, तुझ्या वेळापत्रकासकट बाबांचा पाय नासावा, म्हणजे आपली फिट्टंफाट. असं मला कुठेतरी हवंसं वाटत असेल का? मी जिन्यात बसून स्वतःला विचारलं. 'नाही' हे उत्तर फार लवकर आलं, म्हणून मी ते धरत नाही. तेव्हा अर्धा संशय माझ्या आकसाला दे.

उरलेला अर्धा डाव्या पायाला दे.

तू उजवा पाय पंचेचाळीस दिवस डोळ्यांत तेल घालून बघितलास, म्हणून डावा तुला दिसला नाही. मी बाबांबरोबर राहून चुकले, तू त्यांचा एक पाय राखून चुकलीस. त्या पायालाही काही कळत नाही. आणि बाबांना जे कळलं असेल ते ते सांगणार नाहीत. गेल्या वेळी मोजा काढला आणि दोन बोटं गेली. तू त्यांच्या जागी असतीस तर काढू दिला असतास?

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतःच्या नाकावरही ठेवू नकोस, तू सकाळपासून त्याच खोलीत आहेस. खाली उतर. कोपऱ्यापर्यंत जा, पंधरा मिनिटं उभी राहा. स्वतःची बाही नाकाला लाव आणि दोन-तीन श्वास घे. मग वर जा आणि दारातच थांब. पहिल्या श्वासाला जे वाटेल तेच खरं. दुसऱ्या श्वासाला तू माझा विचार करायला लागशील.

आणि हेही जमणार नसेल, तर नाकाचं भांडण डोळ्यांनी मिटव. बाबांच्या डाव्या पायातला मोजा काढ.

बाबांना माझ्याकडे पाठव असं मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. बघ पुन्हा वाचून.

— धाकटी


पावणेतीन

पहारेकरी पत्र देऊन आला. म्हणाला, "बाईंनी घेतलं." मी विचारलं, फाडलं का? "दार लावून घेतलं." हा दुसरा कागद कुणासाठी लिहिते आहे ते मला माहीत नाही. हाताला सवय आहे.

दोन बस गेल्या. दुसरी माझी होती.


तीन वाजून पाच

तू खाली आलीस. घरातल्या चपला, केस तसेच. थांब्याकडे बघितलं नाहीस, म्हणजे मी इथे आहे हे तुला माहीत होतं. सरळ कोपऱ्यावर गेलीस आणि बंद दुकानाच्या पायरीशी पाठमोरी उभी राहिलीस. परीक्षेत मुलांवर नजर ठेवतात तशी ताठ. घड्याळ बघितलंस. मीही बघितलं.

मला हाक मारावीशी वाटली. नाही मारली. बाहेरच्या नाकाशी बोलायचं नसतं, नियम आहे.


तीन वीस

तू हात वर केलास. बाही नाकाला लावलीस. तीन श्वास, मी मोजले. सर्दीबाई कुठली. मग वळलीस आणि माझ्याकडे न बघता आत गेलीस. जिन्याच्या खिडक्यांतून तू पहिल्या मजल्यावर दिसलीस, मग दुसऱ्यावर. दुसऱ्यापासून तू धावत होतीस.

मी टॅक्सी थांबवली आहे. ड्रायव्हर विचारतो, कुठे जायचं? मी म्हटलं, दवाखान्यात, वरून माणसं यायची आहेत. "किती वेळ लागेल?" मी म्हटलं, एक मोजा काढायला लागतो तेवढा. तो माझ्याकडे बघतो आहे.

तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. तू बाहेर वाकून मला ओरडून काहीतरी सांगते आहेस. मधून एवढी वाहनं जातात की हाक आहे की शिवी, ते इथून कळत नाही.

दोन्हीला येते.